रडण्यात घेतलेलं नाव

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालच्या वैशाखातली. त्या वर्षी लग्नाच्या तिथी दाट होत्या. अमरावतीहून चांदूर बाजारकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्या गावात बघावं तिथे संध्याकाळी वरात निघालेली असायची. पार्बताबाईंच्या घरी हार, तोरणं, गजरे यांचा इतका राबता होता की सासू-सुनेला बोलायलाही उसंत नव्हती. पुढे कधी त्या वैशाखाची आठवण निघाली की पार्बताबाईंना आधी तेच आठवायचं. किती कामात होतो आपण, आणि दोघींचं किती बरं चाललं होतं.

पण सुरुवात गोवर्धनपासून करायला हवी. गोवर्धन हा पार्बताबाईंच्या भावाचा, शेषरावांचा मुलगा. शेषरावांचं अकोल्याला फुलांचं दुकान. गोवर्धन लहान असतानाच त्याची आई गेली आणि पोर आत्याकडे वाढायला आलं. पार्बताबाईंचा सागर त्याच्याच वयाचा. दोघं एका ताटात जेवले, एका गोधडीत झोपले. पण सागर जितका सरळ, तितका हा आडवळणाचा. विहिरीवरच्या पाइपाला कान लावून तासन्‌तास बसायचा. हाक मारली तर म्हणायचा, "थांब ना आते, आता कुठं पाणी सुरात आलं." गावात भजन असलं की हा भजन्यांकडे पाठ करून लाउडस्पीकरच्या मशीनजवळ जाऊन बसे, कारण त्याला त्या मशीनची शिट्टी आवडायची. आईविना पोर, म्हणून पार्बताबाई कधी रागावल्या नाहीत.

मोठा झाला, पुण्याला शिकायला गेला, शिक्षण अर्धं टाकून परत आला आणि बापाच्या दुकानावरच्या खोलीत त्यानं संगीताची कंपनी काढली. नाव ठेवलं 'खडखड'. शेषराव गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरगा कॅसेटी काढते."

"कोणाच्या?"

"कोणाच्याच नाई. मशीनच्या."

खरंच तसं होतं. जिनिंगच्या यंत्राचा धडधडाट, सेमाडोहच्या नदीतल्या बेडकांचा ओरडा, बंद पडता पडता राहिलेली ऑटो, असलं काहीबाही टिपून आणायचं, काँप्युटरवर ते तोडायचं, जोडायचं, त्याला ठेका द्यायचा. नाशिक, इंदूर, कुठून कुठून पोरं त्याला आपलं संगीत पाठवत. तो ऐकायचा आणि कळवायचा, "चांगलं आहे. म्हणूनच नको." जे पसंत पडे त्याची कॅसेट निघे. या काळात कॅसेट! तीही शेवंतीच्या पुड्या बांधायच्या कागदात, दुकानाच्याच दोऱ्यानं बांधलेली. लोक ती दूरदूरहून मागवत, आणि उघडली की म्हणे फुलांचा वास यायचा.

त्याचा आणखी एक नियम होता. नवं काही केलं की तो नत्थुजींच्या ऑटोत बसायचा आणि ते मोठ्यानं लावायचा. नत्थुजी म्हणजे दुकानासमोर ऑटो लावणारे म्हातारे. स्टेशनपासून दुकानापर्यंतच्या रस्त्यात नत्थुजींनी मान वळवून "हे काय लावलं बा?" असं विचारलं तर कॅसेट निघणार. नाही विचारलं, तर नाही. शेषराव कपाळावर हात मारून घ्यायचे. "कंपनीचा मालक हा, अन् साहेब नत्थुजी!"

दोन हजार एकवीस साली, दसऱ्याच्या तोंडावर, सागर गेला. जेवायला बसला होता. मळ्याची लाइन, म्हणजे वीज, आली, तो ताटावरून उठून मोटर सुरू करायला मळ्यात गेला आणि स्टार्टरच्या डब्यात उतरलेल्या करंटनं त्याला तिथेच धरलं.

त्या दिवशी पार्बताबाई रडल्या तसं त्या पंचक्रोशीत कोणी रडलं नसेल. आमच्याकडच्या बायकांचं रडणं कसं असतं हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. एकमेकींच्या गळ्यात पडायचं आणि हेल काढून, बोलत बोलत रडायचं. गेलेल्याचं सगळं त्यात येतं. देवाला बोल लावला जातो, नवऱ्याला, जावेला, कोणालाही. जे एरवी तोंडातून निघायचं नाही ते तिथे निघतं. पण त्याची एक रीत असते. मयत उठली, बायका आंघोळी करून आल्या, की रडण्यात कोण काय बोललं ते कोणी काढायचं नाही. ते त्या पाण्यासंगं गेलं. पुरुष अंगणात बसलेले असतात. त्यांना आतून सूर ऐकू येतो, पण तेही कधी काही विचारत नाहीत. पार्बताबाई तर या रडण्यासाठी नावाजलेल्या. कोणाकडे दुःख झालं आणि त्या पोचल्या की थिजलेल्या बायकांनाही पाझर फुटायचा.

सागरच्या वेळी त्या सुनेच्या, गीतांजलीच्या, गळ्यात पडल्या होत्या. त्यांच्या रडण्यात हे आलं:

"भरल्या ताटावरून उठला वं माहा राजा,
काहून धाडलं वं गीते, काहून धाडलं..."

का पाठवलंस, असा तो बोल होता. गीतांजलीही त्यांना पुष्कळ बोलली. जुना डबा बदला म्हणून तिनं किती वेळा सांगितलं होतं, तेही तिच्या रडण्यात आलं. मग दोघींनी आंघोळ केली, कडू घास खाल्ला, आणि नात करिश्माला मधे घेऊन एका अंथरुणावर पडल्या. पुढे दोघींनी मळा सांभाळला, फुलांचा धंदा सांभाळला. त्या बोलण्याचा एक शब्दही घरात पुन्हा निघाला नाही.

गोवर्धन त्या दिवशी अंगणात माणसांत होता. डोळे कोरडे, गळ्यात गाणी ऐकायचं कानाचं यंत्र, हेडफोन, अडकवलेलं. लोक म्हणाले, "मयतीतही हे काढत नाई का हा?" त्यानं खिडकीच्या गजाला आपलं आवाज टिपायचं मशीन टांगलं होतं, ते मात्र कोणी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी तो आला आणि आत्याच्या हातात एक कॅसेट ठेवली. "आते, तुह्या नावाची काढली." वरती लिहिलं होतं, 'आत्याचं अंगण'. घरात कॅसेट वाजवायला काही नव्हतं. पोरानं आठवणीनं आपलं नाव घातलं याचंच पार्बताबाईंना अप्रूप. त्यांनी ती कॅसेट देवाजवळ ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं.

आणि मग तो वैशाख आला.

त्या संध्याकाळी दोघी सासू-सुना मंगल कार्यालयाच्या दारात हार घेऊन उभ्या होत्या. वरात अजून वळणापलीकडे होती. तेवढ्यात पार्बताबाईंना रडणं ऐकू आलं.

"गीते, कोणाच्या घरी काही झालं का वं?" त्यांनी पदर सावरला. पाय सवयीनं आवाजाच्या दिशेनं वळलेसुद्धा. "बाई कोण आहे, पण लय जिवाच्या आकांतानं रडून राहिली."

 गीतांजलीनं आवाज ओळखला होता.

मग ठेका पडला. छातीत धक्का बसावा असा. वळणावरून डीजेची गाडी आली, निळे-जांभळे दिवे फिरवत, आणि पोरं हात वर करून उड्या मारायला लागली. "काहून धाडलं! काहून धाडलं!" एक थांबला की दुसरा ओरडायचा, "गीतेऽ!" आणि मधेच एक भरदार आवाज घुमायचा, "डीजे शुभम, चांदूर बाजाऽर!" त्यामागे पुन्हा तेच रडणं. पार्बताबाईंचं स्वतःचं.

गीतांजलीच्या हातात नवरदेवाचा हार होता. तिनं तो चुरगळू दिला नाही. पुढे जाऊन मुलाच्या मामाच्या हातात दिला, "गाठ सैल आहे, सांभाळून घाला," एवढं म्हणाली, आणि रिकामी टोपली उचलून रस्त्याला लागली.

घरी आल्यावर करिश्मा दारातच उभी होती. अकरा वर्षांची पोर. दोघींचे चेहरे पाहून तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं एकदम विचारलं, "आई, त्या गाण्यातली गीता तू आहे का?"

"कोण म्हणालं?"

"सगळी पोरं म्हणतात. मले वाटलं, चिडवतात उगीच." तिनं आईचा पदर धरला. "आई, मी तर नाचली त्याच्यावर. सोनूच्या मामाच्या लग्नात. तू बाबाले धाडलं होतं?"

गीतांजली आत गेली. पार्बताबाई तिच्यामागे गेल्या तेव्हा ती पिशवी भरत होती.

"तुमी रडताना बोलल्या थे मी कधीच धरलं नाई, आई," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागला. "मीही तुमाले बोलली. थे त्या दिवशीचं त्या दिवशी गेलं. पण आता या पोरीले काय सांगू मी? बापाले मारणारी म्हणून माह्याकडं पाहून राहिली थे."

दुसऱ्या दिवशी ती करिश्माला घेऊन चांदूर बाजारला माहेरी गेली. किती दिवसांसाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि पार्बताबाईंना विचारवलं नाही.

त्यांनी अमरावतीला जाऊन अकोल्याची एसटी धरली. अकोल्याच्या स्टँडवर नत्थुजींनी त्यांना ओळखलं आणि मोठ्या आनंदानं ऑटोत बसवलं. "या बाई, या! तुमच्या भाच्यानं नाव काढलं बरं. त्याची थे कॅसेट परदेशात वाजते. मीच पास केली व्हती." आणि त्यांनी बटण दाबलं.

पार्बताबाई ओरडल्या, "बंद करा थे!"

नत्थुजींनी दचकून बंद केलं. आरशातून मागे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "थे तुमी व्हय?"

पार्बताबाईंनी मान हलवली.

"त्या बारीला मी मान वळवली नव्हती बाई. गाडीच बाजूला घेतली. डोयाले दिसेनासं झालं. मले वाटलं, गाणाऱ्या बाईनं काय गायलं! म्हणून म्हटलं, हेच काढ." 

वरच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, वायरींचा गुंता, आणि मधोमध गोवर्धन उभ्यानं जेवत होता. त्याला बसून जेवताना कोणी पाहिलं नव्हतं. आत्याला पाहताच त्यानं ताटली ठेवली. "आते! तू आली! अवं, चांगली बातमी आहे. जर्मनीले बोलावलं मले, दिवाळीनंतर. तुह्याच गाण्यावर. तिथं हजार लोकांसमोर..."

"तुले कोणी सांगितलं, थे गाणं आहे?"

गोवर्धन थबकला.

"माह्या लेकाच्या मयतीवर लोक नाचून राहिले, गोवर्धन. गीता घर सोडून गेली."

त्यानं ऐकून घेतलं. वरात, करिश्मा, माहेर, सगळं. शुभम नावाच्या त्या डीजेनं आपल्याला न विचारता उचलून ठेका चढवला हे त्याला ठाऊक होतं, पण ते वरातीत वाजेल असं त्याच्या मनात आलं नव्हतं, असं तो म्हणाला. मग खाली बसला आणि लहानपणी बोलायचा तसं बोलला. "मले रडता येत नाई, आते. सागर गेला, मले एक टिपूस आलं नाई. तू रडली तेव्हा वाटलं, हे माहंही रडून राहिली. म्हणून ठेवलं. म्हटलं, जगाले कळू दे कोण गेलं थे."

"मंग गीतेचं नाव कायले ठेवलं?"

"त्या नावावर तुहा आवाज सगळ्यात वर जाते," तो म्हणाला. "तिथंच काळीज फाटते ऐकणाऱ्याचं."

"तू कुठं होता तवा?"

"अंगणात. माणसांसंगं."

"तुले काय दिसलं?"

"दिसायचं काय त्यात? ऐकू येत होतं ना."

"थेच तं." पार्बताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एवढं शिकलेलं, एवढ्या लांबवर नाव गेलेलं आपलं पोर, आणि आयुष्यभर अंगणातच बसलेलं. "मी कोणाच्या गयात होती थे तुले नाई दिसलं. गीतेच्या गयात होती मी. तिनं मले धरलं होतं म्हणून मी बसून होती, नाई तं चितेवर गेली असती. ज्याच्या गयात पडलं त्यालेच बोलते बाई. दुसऱ्या कोणाले बोलणार? भिंतीले?"

गोवर्धन कितीतरी वेळ हातातल्या वायरीचा पीळ उलगडत राहिला. मग म्हणाला, "काढून टाकतो. कंपनीतून काढतो, जर्मनीच्या लोकांले कळवतो. पण मूळचं रेकॉर्डिंग..." त्याचा आवाज खाली गेला. "मी आजवर काही पुसलं नाई, आते. बेडकाचंही नाई. अन् यात सागरचं सगळं आहे. तू त्याच्या लहानपणचं सांगितलं, दात पडला तवाचं, शाळेतून पळाला तवाचं. एकदा ऐकून तरी घे पूर्ण. मंग सांग."

पार्बताबाईंना मोह झाला. त्या दिवशी आपण काय काय बोललो यातलं त्यांना दोन-चार गोष्टींपलीकडे काही आठवत नव्हतं. लेकाचं सगळं त्या पेटीत होतं, आणि एक बटण दाबलं की बाहेर येणार होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "ऐकलं तं ठेवावंसं वाटल. पूस."

त्यानं पुसलं.  एवढं झालं आणि गळ्यातलं यंत्र टेबलावर काढून ठेवून गोवर्धन पहिल्यांदा रडला. हेल नाही, शब्द नाही, नुसता कोंडलेला घोगरा आवाज. पार्बताबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

दोघं सोबतच चांदूर बाजारला गेली. डीजे शुभम म्हणजे मिसरूड फुटलेलं, अंगानं काटकुळं पोर निघालं. भोंग्यांच्या ढिगात उभा राहून त्यानं पार्बताबाईंचे पाय धरले. "काकू, आईशपथ, मले माहीत नव्हतं. माह्याकडून मी काढतो. पण आता दर्यापूर, अचलपूर, सगळ्यांच्या पेनड्राइव्हमधी गेलं थे. माह्या हातात नाई राहिलं." गोवर्धन त्याच्यावर उखडला, चोर म्हणाला. शुभमनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "मी चोर, मान्य. तुमी कोणाले विचारून घेतलं होतं, भाऊ?" 

गीतांजलीच्या माहेरी तिनं दोघांना पाणी दिलं. गोवर्धन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"या ना भाऊजी, आत बसा," ती म्हणाली. "आज मशीन नाई आणलं वाटते?"

तो जिथल्या तिथे खाली बसला, अंगणात, चपलांच्या शेजारी.

पार्बताबाईंनी करिश्माला जवळ बोलावलं. पोर आली, पण एक हात अंतर ठेवून बसली. "आजी, खरं सांगशील?"

"विचार."

"आईनं धाडलं होतं बाबाले?"

गीतांजलीनं मान वळवली. पार्बताबाईंना क्षणभर वाटलं, नाही म्हणून टाकावं. पण पोरीचे डोळे सागरचे होते. त्यांच्यापुढे खोटं कधी टिकलं नव्हतं.

"म्हटलं होतं तिनं, लाइन आली म्हणून. रोज कोणीतरी म्हणायचंच. कधी मी, कधी थे, कधी तूही पळत येऊन सांगायची. लाइन आली की उठायचं, हेच चालत होतं आपल्या घरी. तुह्या बापाले करंटनं नेलं, आईनं नाई."

"मंग तू तिचंच नाव काहून घेतलं?"

"तिच्या गयात पडली होती मी. बाईमाणूस ज्याच्यावर जीव टाकते त्याच्याच गयात पडून रडते, अन् त्यालेच बोलते. रागही त्याच्यावरच काढते. तुही आईही मले बोलली त्या दिवशी."

करिश्मानं आईकडे पाहिलं. गीतांजलीनं हो म्हणून मान हलवली.

 "पण गाण्यात थे दिसत नाई, आजी."

"नाई दिसत," पार्बताबाई म्हणाल्या. 

करिश्मा सरकून आईला टेकून बसली. पार्बताबाईंना वाटलं, झालं, मिटलं. त्यांनी गीतांजलीला हळूच म्हटलं, "चल घरी."

गीतांजलीनं नाही म्हणून मान हलवली. "माहं मन साफ आहे, आई. तुमच्याबद्दल काही नाई. पण दळणाले गेली, दुकानात गेली, की कोणतं तरी पोर मागून गुणगुणल. जन्मभर थे ऐकत मी नाई राहू शकत त्या गावात." तिनं सासूचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. "हे काही कोणी पुसू शकत नाई."

त्यानंतरचं सांगायचं ते एवढंच.

गीतांजलीनं अमरावतीला खोली घेतली. बाजारात एका फुलवाल्याकडे हार करता करता तिनं स्वतःचा गाळा केला. तिथे तिला सगळे करिश्माची आई म्हणून ओळखतात. तिचं नाव कोणाला माहीत नाही, आणि तिनंही ते गाळ्यावर लिहिलेलं नाही.

गोवर्धन जर्मनीला गेला नाही. 'खडखड' अजून आहे, पण त्यात माणसाचा आवाज घ्यायचा नाही असा त्याचा नवा नियम आहे. कोणी पोरगं कितीही चांगलं गाणारं पाठवलं तरी तो परत करतो. शेषराव थकले, तेव्हापासून सकाळी दुकानातही तोच बसतो. नत्थुजींनी ऑटो विकून टाकली आणि ते मुलीकडे राहायला गेले. शुभमनं भोंगे विकले. आता तो लग्नात फोटो काढतो. पार्बताबाई कुठे भेटल्या की खाली वाकतो.

ते गाणं पुढे दोन लग्नसराया वाजलं, मग मागे पडलं. तरी एखाद्या दूरच्या वरातीत कधीतरी उठतं.

पार्बताबाई मळ्यात एकट्याच असतात. अर्धा मळा बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिला आहे. कोणाच्या घरी दुःख झालं तर त्या अजून जातात, कोपऱ्यात बसतात, डोळ्याला पदर लावतात. कोणाच्या गळ्यात पडत नाहीत. बायका वाट पाहतात, मग आपापलं रडून घेतात.

करिश्मा आता नववीत आहे. दिवाळीत आणि उन्हाळ्यात ती आजीकडे येते. अंगणात हार करता करता विचारते, "बाबा शाळेतून पळाले थे काय होतं, आजी? सांग ना." पार्बताबाई आठवतात. काही सापडतं, काही नाही. जे सापडतं ते सांगतात.